टिचकी पाल आणि दगडावरचं करडू

ऐका रे ऐका, हलू नका. हललात तर पाल पळेल.

एक होती पाल. एवढीशी. टीचभर. म्हणून तिचं नाव टिचकी.

टिचकी राहायची कुठे? शाळेत. छोट्यांच्या वर्गात. भिंतीवरच्या घड्याळामागे. घड्याळ बंद होतं. कोणी चावी देत नव्हतं. टिचकीला बरंच झालं.

एक दिवस शाळेत कपाट आलं. हिरवं हिरवं, लोखंडी. कपाटात पुस्तकं आली. लाल, पिवळी, चित्राचित्रांची. फीत कापली, कच्च. नारळ फोडला, फट्ट. मोठे सर म्हणाले, "हे आपलं ग्रंथालय. छोट्या मुलांचं ग्रंथालय." टाळ्या वाजल्या, टप टप टप.

मग बाईंनी एक पुस्तक उघडलं. मुलं पुढे सरकली. टिचकीने घड्याळामागून डोकं काढलं. बाई वाचू लागल्या.

"एक होतं करडू. काळं काळं करडू. आईला सोडून पळालं. पळालं ते ओढ्यात शिरलं. ओढ्यात होता दगड. करडू दगडावर चढलं, टुण्. पाणी वाढलं. इकडे पाणी, तिकडे पाणी. करडू ओरडलं, बें बें बें. आणि मग..."

"इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. क्लिक.

फोटो निघाला. पुस्तक मिटलं, फट्. कपाटात गेलं. दार लागलं, धाड. किल्ली फिरली, कट्ट. सगळे चहा प्यायला गेले.

आणि करडू? करडू राहिलं दगडावर.

पोळा आला, पोळा गेला. दिवाळी आली, दिवाळी गेली. तिळगूळ सांडला, मुंग्यांनी नेला. वर्ष झालं. कपाट काही उघडलं नाही. बाई रोज येत. कपाट वरून पुसत, फड फड. आणि निघून जात.

कपाटावर एक पाटी मात्र लागली. 'वर्षभरात एकही पुस्तक फाटले नाही.'

वा रे शहाणे. चूलच पेटवली नाही, तर भात करपेल कसा?

टिचकीला झोप येईना. माशी गोड लागेना. डोळ्यापुढे सारखं करडू. इकडे पाणी, तिकडे पाणी. वर्षभर उभं, एकाच दगडावर. बिचाऱ्याचे पाय किती दुखत असतील. पान उलटल्याशिवाय ते घरी जाणार कसं?

"आता मीच जाते," टिचकी म्हणाली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, टिचकी गेली कपाटाकडे.

"कपाटदादा, कपाटदादा, उघड की."

"कशाला?"

"पुस्तक निघेना,
करडू घरी येईना."

कपाट फुगलं. "माझा रंग बघ. माझं पोट बघ. मी म्हणजे ग्रंथालय. किल्ली फिरेल, तर उघडेन. नाहीतर नाही."

"चुक चुक," टिचकी म्हणाली. "पोट केवढं, आणि अक्कल केवढी." शेपूट उडवलं आणि निघाली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, टिचकी गेली किल्लीकडे. किल्ली खिळ्याला लटकत होती. गळ्यात लाल फीत.

"किल्लीताई, किल्लीताई, फिर की."

"कशाला?"

"कपाट उघडेना,
पुस्तक निघेना,
करडू घरी येईना."

किल्लीने मान उडवली, खुळ खुळ. "माझी फीत बघ. रेशमी आहे. मी नाही बाई कुणाच्याही हातात जात. गेणूमामा उठतील, तर फिरेन. नाहीतर नाही."

"चुक चुक," टिचकी म्हणाली. "फिरायचं एका भोकात, आणि तोरा राणीचा." शेपूट उडवलं आणि निघाली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, टिचकी गेली गेणूमामांकडे. मामा शाळेचे शिपाई. स्टुलावर बसले होते. बसले कसले, घोरत होते. घुर्र फुस, घुर्र फुस.

"मामा, मामा, उठा की."

"कशापायी?"

"किल्ली फिरेना,
कपाट उघडेना,
पुस्तक निघेना,
करडू घरी येईना."

मामांनी एक डोळा उघडला. "आपण हुकमाचे ताबेदार. बाई सांगतील, तर उठेन. नाहीतर नाही." डोळा मिटला. घुर्र फुस.

"चुक चुक," टिचकी म्हणाली. "चहा आला की बरे उठता. तेव्हा कोण सांगतं?"

मामांनी ऐकलंच नाही. झोपलेल्याला उठवता येतं. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? टिचकीने शेपूट उडवलं आणि निघाली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, टिचकी गेली बाईंकडे. बाई पाटी रंगवत होत्या. कडेला फुलं, कडेला पानं, मधे सुरेख अक्षर. 'पुस्तकांना हात लावू नये.'

"बाई, बाई, सांगा की."

"ई, पाल," बाई म्हणाल्या. पाय वर घेतले. मग म्हणाल्या, "कशाला?"

"मामा उठेनात,
किल्ली फिरेना,
कपाट उघडेना,
पुस्तक निघेना,
करडू घरी येईना."

बाई म्हणाल्या, "पुस्तकं कशी कोरी आहेत. कव्हर घातलीत मी सगळ्यांना. खाकी खाकी. चित्रं दिसतसुद्धा नाहीत. मोठे सर बोलतील, तर सांगेन. नाहीतर नाही."

"चुक चुक," टिचकी म्हणाली. "हात लावायचा नाही. मग काय नाकाने वाचायचं?" शेपूट उडवलं आणि निघाली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, टिचकी गेली मोठ्या सरांकडे. मोठे सर आरशापुढे उभे. टक्कल चकचकीत. उद्या ग्रंथालयाचा वाढदिवस. सर भाषण पाठ करत होते. "बंधूंनो आणि भगिनींनो. अहं. भगिनींनो आणि बंधूंनो."

"मोठे सर, मोठे सर, बोला की."

"कशाला?"

"बाई सांगेनात,
मामा उठेनात,
किल्ली फिरेना,
कपाट उघडेना,
पुस्तक निघेना,
करडू घरी येईना."

सर म्हणाले, "मुलं लहान आहेत. पुस्तक फाडतील. पुस्तक मळवतील. पुस्तक चाटतील. आधी मुलं नीट वाचतील, तर बोलेन. नाहीतर नाही."

"चुक चुक," टिचकी म्हणाली. "सकाळपासून तोंड चाललंय. आणि म्हणे बोलेन." शेपूट उडवलं आणि निघाली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, टिचकी गेली मुलांकडे. मुलं व्हरांड्यात बसली होती. खिचडी खात होती. मच मच मच.

"पोरांनो, पोरांनो, वाचा की."

"कशाला?"

"सर बोलेनात,
बाई सांगेनात,
मामा उठेनात,
किल्ली फिरेना,
कपाट उघडेना,
पुस्तक निघेना,
करडू घरी येईना."

मुलांचे घास थांबले. मनवा सगळ्यांत पुढे बसली होती. मनवाने विचारलं, "करडू अजून दगडावरच आहे?"

"दगडावरच आहे."

"मला वाटलं, बुडालं."

मनवाने डोळे पुसले. खिचडीच्या हाताने पुसले. सगळी मुलं म्हणाली, "आम्ही वाचू की. अक्षरं येतात आता. कपाट उघडेल, तर वाचू. नाहीतर कसं वाचू?"

आता टिचकी काय म्हणाली? चुक चुक म्हणाली? नाही. मुलांना नाही म्हणाली. शेपूटही उडवलं नाही.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, टिचकी गेली. कुठे गेली? पुन्हा कपाटाकडेच की.

"कपाटदादा, कपाटदादा, उघड की."

"परत तू? आता कशाला?"

"पोरं वाचेनात,
सर बोलेनात,
बाई सांगेनात,
मामा उठेनात,
किल्ली फिरेना,
कपाट उघडेना..."

"म्हणजे मीच?" कपाट म्हणालं.

"तूच की."

कपाटाने विचार केला. लोखंडाने करावा तेवढा केला. मग म्हणालं, "किल्ली फिरेल, तर उघडेन. नाहीतर नाही."

टिचकी रागाने पांढरी झाली. पांढरी होतीच, आणखी झाली. "घाण्याचा बैल गोल फिरतो," ती म्हणाली. "पण तेल तरी काढतो. तुमचं आपलं नुसतंच गोल."

दुसरा दिवस उजाडला. ग्रंथालयाचा वाढदिवस. कपाटाला हार घातला. कपाटाला कुंकू लावलं. पाहुणे आले, खुर्च्या आल्या, फोटोवालाही आला. बाई नवी साडी नेसल्या. मामा भिंतीला टेकून बसले. मुलं खिचडी खाऊन खाली, हाताची घडी, तोंडावर बोट.

मोठे सर उभे राहिले. "भगिनींनो आणि बंधूंनो, वर्षभर ग्रंथालय फार छान चाललं. एकही पुस्तक फाटलं नाही. एकाही पानावर डाग नाही."

टप टप टप.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," टिचकी म्हणाली.

टिचकी कुठे होती? वर. छताला. उलटी. बरोबर सरांच्या वर. खाली टक्कल चमकत होतं. खूप खाली. टिचकीला भीती वाटली. पडलं तर लागेल. कोणी झाडूने मारेल.

मग तिला आठवलं, इकडे पाणी, तिकडे पाणी. बें बें बें.

टिचकीने एक पाय सोडला. दुसरा सोडला. तिसरा सोडला. चौथा सोडला.

पट्.

पडली कुठे? सरांच्या टकलावर.

सरांचं भाषण थांबलं. सर हलेनात. टिचकी सुळुक सुळुक उतरली आणि सरांच्या कानाशी आली.

"बोलता, की सदऱ्यात शिरू?"

"नको नको," सर म्हणाले. "बोलतो."

सर बोलले, "बाई, सांगा."
बाईंनी सांगितलं, "मामा, उठा."
मामा उठले, ताडकन.
किल्ली फिरली, कट्ट.
कपाट उघडलं, कर्रर्र.
पुस्तक निघालं, फट्.

लाल फीत पडली खाली. हार पडला खाली. कोणी उचलला नाही.

पुस्तक आलं मनवाच्या हातात. मागच्या वर्षी मनवाला अक्षर येत नव्हतं. आता येतं. मनवाने अक्षरावर बोट ठेवलं. बोटाला खिचडी होती. पानावर डाग पडला, पिवळा पिवळा.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

मनवा वाचू लागली. "आ-णि म-ग..."

मुलं सरकली. एक इकडून आलं. एक तिकडून आलं. सगळ्यांनाच पान उलटायचं होतं.

फर्र.

कोपरा फाटला.

मनवाने बोट उचललं. मुलांनी सरांकडे बघितलं. सरांनी पाटीकडे बघितलं. टिचकी सरांच्या खांद्यावरच होती. ती हळूच म्हणाली, "चुक?"

सरांनी घाम पुसला. "पुढे वाच," सर म्हणाले.

मनवाने वाचलं. "आणि मग आई आली. आई ओढ्यात उतरली. करडू आईच्या पाठीवर बसलं, टुण्. आई पोहली, छप छप. दोघं घरी आली. करडू दूध प्यालं आणि झोपलं."

"आलं," मुलं म्हणाली. "करडू घरी आलं."

टिचकी सरांच्या खांद्यावरून उतरली. भिंतीवर चढली. घड्याळामागे गेली. वर्षभराने तिला जांभई आली. डोकं टेकणार, तेवढ्यात खाली मुलं म्हणाली, "पुन्हा."

मनवाने पुस्तक मागे उलटलं. पहिलं पान. "एक होतं करडू. काळं काळं करडू. आईला सोडून पळालं."

टिचकी दचकली. करडू निघालं की पुन्हा ओढ्याकडे. पुन्हा दगड, पुन्हा पाणी.

मग तिने खाली बघितलं. एवढी मुलं, एवढे हात. एक हात खिचडीचा, एक हात शाईचा, एक शेंबडाचा. सगळे पानाशी.

जाऊ दे त्याला, टिचकी म्हणाली. आता पान उलटायला कोणीतरी आहे. आणि ती झोपली.

कपाट राहिलं उघडं, गोष्ट झाली पुरी.
करडू गेलं घरी.