रिकामा डावा पाय

कोल्हापूरच्या एका मोटार क्लबने घाटातली शर्यत जाहीर केली, तेव्हा माझ्या उज्ज्वलाआत्याने सगळ्यांत आधी नाव दिलं. तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओने अधू झालेला, म्हणून तिची स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक आहे, क्लच दाबावा न लागणारी.

क्लबचे अध्यक्ष आबासाहेब यांना ते रुचलं नाही. भर सभेत त्यांनी फळ्यावर स्वतःच्या आणि इतर स्पर्धकांच्या नावांच्या वर नवा नियम लिहिला आणि मोठ्याने वाचला, "जो डाव्या पायाने क्लच दाबतो, तोच खरा ड्रायव्हर. ऑटोमॅटिकवाल्यांनी टाळ्या वाजवायला यावं."

आत्या कुबडी टेकत उभी राहिली. "आबासाहेब, तुमची लाल गाडी कसली हो?"

"ड्युअल क्लच!" आबासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "एक सोडून दोन क्लच आहेत तिला."

"अरे वा! आणि ते दाबतं कोण?"

"दाबायचे कशाला? गाडीच सगळं करते. पेडलच नाही."

"म्हणजे क्लच दोन असूनही तुमचा डावा पाय माझ्याइतकाच रिकामा," आत्या म्हणाली. "मग आधी तुमचं नाव पुसा, नंतर माझं."

सभेत हशा पिकला. आबासाहेबांनी फडकं उचललं आणि गुपचूप नियमच पुसून टाकला.