मध्यंतरानंतरचा भाग

शर्वाणी टेंबेचा पहिला चित्रपट शुक्रवारी लागला आणि रविवारपर्यंत उतरायच्या बेतात आला. थिएटरवाला म्हणाला होता, टीव्हीवरचे समीक्षक बरं बोलले तर आणखी एक आठवडा ठेवतो. म्हणून बिचारी त्यांच्या चर्चेच्या कार्यक्रमात जीव मुठीत धरून बसली होती.

समोर दोन समीक्षक. त्यातले उकिडवे म्हणजे ज्यांच्यापुढे निर्माते चळाचळा कापतात ते. त्यांनी चष्मा पुसत निकाल दिला, "सुरुवात ठीक. पण मध्यंतरानंतर चित्रपट साफ कोसळतो."

"उलट!" दुसरे समीक्षक सबनीस उसळले. "मध्यंतरानंतरच तो उभा राहतो. मी चार तारे देतो."

तेच चार तारे शर्वाणीला हवे होते. गप्प बसली असती तर आठवडा मिळाला असता. पण दोघं मध्यंतरानंतरच्या भागावरून टेबल बडवायला लागले, तेव्हा तिला राहवलं नाही.

"माझा चित्रपट ऐंशी मिनिटांचा आहे," ती म्हणाली. "सलग. त्याला मध्यंतरच नाही."

सबनीस समोरचे कागद चाळायला लागले. उकिडवे मात्र खाली पाहणारे नव्हते. "मध्यंतर नाही? ही कुठली पद्धत, बाई?"

"लोक मधूनच उठून जाऊ नयेत म्हणून ठेवलं नाही, सर. तुम्ही दोघं मुळात येणारच नाही, हे मला कुठं ठाऊक होतं?"

निवेदिकेने घाईघाईने ब्रेक घेतला. ब्रेक संपला तेव्हा शर्वाणीची खुर्ची उचललेली होती. चार तारे गेले, आठवडाही गेला. आणि उकिडवे पुढच्या चित्रपटाबद्दल सांगत होते, "सुरुवात ठीक. पण मध्यंतरानंतर..."