हौदातली मरळ

काचेच्या हौदात काल सात मासे होते, आज सहाच!

गंभीरराव महाराजांनी पुन्हा मोजले. सहाच. सहा दिवसांपूर्वी चांगले बारा होते. दरबाराच्या मधोमध ठेवलेला तो हौद म्हणजे महाराजांचा जीव की प्राण. मासे त्यांनी स्वतः पसंत केले होते, चकचकीत खवले आणि डौलदार शेपट्या बघून. त्यात दिवाण दाजीबांनी आग्रहाने एक हातभर लांब, काळीभोर मरळ घातली होती. ती मात्र दिवसेंदिवस गोल होत चालली होती.

"चोर कोण?" महाराज गरजले.

दरबारात दिवाणजींचे दोन पुतणे, तीन भाचे, एक व्याही आणि एक मेहुणा मानाच्या जागांवर बसले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून दाराशी उभ्या असलेल्या लखू भोयाकडे पाहिलं. मासे तोच पुरवत असे.

"याने मासेच दुबळे आणले, महाराज!" दिवाणजी म्हणाले. "नदीचा डोह याच्याकडून काढून माझ्या मेहुण्याला द्यावा. त्याला माशांची फार आवड."

"तळलेल्या," मागून कोणीतरी पुटपुटलं.

लखूने हात जोडले. डोह गेला तर जाळं टाकायचं कुठे आणि घरच्यांनी खायचं काय? तेवढ्यात त्याच्या मागून त्याची मुलगी भिवरा पुढे आली.

"सरकार, मासे दुबळे नाहीत. पंगत चुकलीय!"

"पंगत?"

"मासा निवडताना शेपटी नाही बघायची, तोंड बघायचं. एकाच्या तोंडात दुसरा मावत असेल तर त्यांना एकत्र ठेवू नये. सारख्या अंगाचे घ्यावेत. थोडे पाण्याच्या वर चरणारे, थोडे तळाशी चरणारे, म्हणजे घासावरून भांडण नाही. आणि थव्याने राहणारा मासा एकटा आणू नये, बुजून मरतो बिचारा. ही मरळ तेवढी काढा, बाकीचे सुखाने राहतील."

महाराजांनी मान डोलवायला घेतली होती, पण दिवाणजी मध्येच बोलले, "मरळ काढायची? महाराजांच्या राज्यात वाघ आणि शेळी एका घाटावर पाणी पितात, आणि हौदात एक मरळ नांदू नये? लोक काय म्हणतील!"

झालं! महाराजांचा हट्ट जागा झाला.

"मरळ राहणार! आणि पोरी, तिच्या तोंडात सहज मावतील असे पंचवीस मासे तिच्यासोबत राहणार. पंधरा दिवसांनी पंचवीस भरले तर डोह कायमचा तुमचा. एक जरी कमी भरला, तर तो दिवाणजींच्या मेहुण्याचा!"

"मरळ हीच हवी, का दुसरी चालेल?" भिवराने विचारलं.

"मरळ म्हणजे मरळ! हवी तर याहून मोठी आण!"

"मग हौद मी नव्याने मांडते, सरकार."

वाटेत लखू डोक्याला हात लावून म्हणाला, "पोरी, काय कबूल करून बसलीस!"

"बाबा, या दिवसांत लव्हाळ्याजवळ आपण जाळं का टाकत नाही?"

लखू थबकला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "अगं!"

"चला, मोठं मडकं घ्या."

दुसऱ्या दिवशी जुने सगळे मासे निघाले आणि हौदात नवी मरळ आली, आधीपेक्षा वीतभर लांब. दिवाणजी खूश झाले. तिच्याबरोबर करंगळीच्या पेराएवढे पंचवीस शेंदरी मासे सोडले गेले. दिवाणजी आणखी खूश झाले. "एका घासाचं काम," ते मेहुण्याच्या कानात म्हणाले.

पण दिवस जात राहिले आणि मासे पंचवीसच! मरळीच्या डोक्यावर ते शेंदरी ढगासारखे तरंगायचे. भिवरा हौदाशेजारी बसून त्यांना बारीक किडे चारायची. महाराज माशांचं नाव विचारायचे, ती म्हणायची, "पंधराव्या दिवशी सांगते, सरकार."

नवव्या दिवशी भिवरा पाणी आणायला गेली, तेवढ्यात मेहुण्याने एक मासा कमी करायला हौदात हात घातला. मरळ अशी उसळली की त्याची किंकाळी मुदपाकखान्यापर्यंत गेली! पुढे तो बोटाला चिंधी बांधून फिरायचा आणि सुपारी कातरताना लागलं म्हणून सांगायचा.

पंधराव्या दिवशी महाराजांनी स्वतः मोजले. पंचवीस!

"आता सांग, कोणते हे मासे?"

"या मरळीचीच पिल्लं, सरकार. पिल्लं शेंदरी असतात तोवर मरळ त्यांना राखते. कोणी जवळ आलं तर चावते." भिवराने मेहुण्याच्या बोटाकडे पाहिलं. "म्हणून या दिवसांत आम्ही भोई लव्हाळ्याजवळ जाळं टाकत नाही."

"फसवणूक!" दिवाणजी ओरडले. "सगळे एकाच घरचे!"

"दिवाणजी," भिवरा शांतपणे म्हणाली, "मोठ्या तोंडाभोवती शांतता हवी असेल, तर सगळे घरचेच बसवावे लागतात. हे मी नदीत नाही शिकले. पंधरा दिवस इथे दरबार बघत बसले होते ना!"

महाराजांनी पुतण्यांकडे पाहिलं, भाच्यांकडे पाहिलं, व्याह्यांकडे आणि मेहुण्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलू लागल्या.

"आणि पोरी, पिल्लं मोठी झाली की?"

"मग मरळ ओळख विसरते, सरकार. समोर येईल तो घास!"

व्याह्यांनी हळूच आपली बैठक दिवाणजींपासून हातभर लांब सरकवली. ते पाहून महाराज असे खदखदून हसले की मरळसुद्धा दचकली!

त्यांनी डोहाची सनद लखूच्या हातात दिली आणि भिवराला चांदीचे तोडे दिले.

"हौद आता तूच मांड," हसून ओले झालेले डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि तो झाला की एकदा या दरबाराचीही पंगत मांडून दे. तोंडं बघून!"