चिमीच्या हेडफोनचं शेपूट

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिमी.

चिमी एवढीशी. तिचा हेडफोन केवढा तरी. म्हणून ती हेडफोन घालत नसे. ती हेडफोनमध्ये झोपत असे.

हेडफोनला दोन कान. एक कान डोक्याशी. एक कान पाठीशी. मधे चिमी.

हेडफोनला एक लांब शेपूट. शेपटाचं टोक गाण्याच्या डबीत.

डबीत चिमीच्या आईचं गाणं. आईने ते एकदा भरून ठेवलं होतं. डोक्याशी आई गायची. पाठीशी आई थोपटायची. थाप थाप, थाप थाप.

आई आता नव्हती. एक दिवस ती नाल्यापलीकडे गेली. ती आलीच नाही.

चिचुंद्र्या दिवसा झोपतात. म्हणून रोज सकाळी चिमी डबीचं बटण दाबायची. थोडंसं गाणं ऐकायची. झोपून जायची.

एका सकाळी तिने बटण दाबलं.

थाप थाप, थाप थाप. पाठीशी हात आला.

खर्रर्र. डोक्याशी आई आली नाही.

शेपूट जुनं झालं होतं. आतली तार तुटली होती.

चिमी पडून राहिली. थाप थाप, थाप थाप. नुसता हात. झोप काही येईना.

शेजारी घूसमावशी राहायची. तिच्याकडे सगळं नवं असे. तिने चिमीपुढे दोन वाटाणे ठेवले.

"हे काय, मावशी?"

"हेडफोन. अगदी नवा. चिमे, जुना टाक. नवा घे."

"याचं शेपूट कुठे आहे?"

"नव्याला शेपूट नसतं. तीच तर गंमत."

चिमीने वाटाणा डबीला लावला. डबीला शेपटाचं भोक. वाटाण्याला शेपूट नाही. वाटाणा घरंगळला. डबी गप्प.

"मग डबीही नवी घे," घूसमावशी म्हणाली.

"नव्या डबीत आई असते?"

"ते मला काय माहीत? मी कधी ऐकत नाही. नुसता घालते."

चिमीने डबी पाठीवर बांधली. हेडफोनचं शेपूट दातांत धरलं. ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मागून हेडफोन. खर्र खर्र, खर्र खर्र.

बाहेर ऊन नव्हतं. पाऊसही नव्हता. नुसतं मळभ होतं.

मोरीपाशी खेकडेमामा बसले होते. ते दुरुस्तीचं काम करत. कधी करत, ते कुणी पाहिलं नव्हतं.

"मामा, मामा, शेपूट जोडा.
शेपूट जुळलं की आई गाईल,
आई गायली की मी झोपेन."

"चिमे, जुना टाक. नवा घे."

"नव्याला शेपूट नाही. माझ्या डबीला शेपूट लागतं."

"असं, असं. पण मी नाही जोडणार."

"का नाही?"

"माझी नांगी बोथट झालीय. दगडाने नांगी घासली तर जोडीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. खर्र खर्र, खर्र खर्र. चिमी दगडाकडे गेली. दगडोबा नळाखाली बसले होते. ते नेहमी बसलेलेच असत.

"दगडोबा, दगडोबा, नांगी घासा.
नांगी घासली की शेपूट जुळेल,
शेपूट जुळलं की आई गाईल,
आई गायली की मी झोपेन."

"चिमे, जुना टाक. नवा घे."

"नव्याला शेपूट नाही. माझ्या डबीला शेपूट लागतं."

"असं, असं. पण मी नाही घासणार."

"का नाही?"

"मी कोरडा आहे. कोरड्या दगडाने धार येत नाही. नळाने भिजवलं तर घाशीन."

चिमीने वर पाहिलं. वर नळ होता. लांब जावं लागलं नाही. दिवसभरात तेवढंच एक बरं झालं.

"नळदादा, नळदादा, दगड भिजवा.
दगड भिजला की नांगी घासेल,
नांगी घासली की शेपूट जुळेल,
शेपूट जुळलं की आई गाईल,
आई गायली की मी झोपेन."

"चिमे, जुना टाक. नवा घे."

"नव्याला शेपूट नाही. माझ्या डबीला शेपूट लागतं."

"असं, असं. पण मी नाही भिजवणार."

"का नाही?"

"माझ्यात पाणी नाही. नुसती फुस्स हवा आहे. मोटर फिरली तर भिजवीन."

फुस्स, नळ म्हणाला.

तुरुतुरु, तुरुतुरु. खर्र खर्र, खर्र खर्र. चिमी मोटरकडे गेली. मोटरकाकू विहिरीपाशी गप्प पडल्या होत्या.

"मोटरकाकू, मोटरकाकू, गरगर फिरा.
मोटर फिरली की दगड भिजेल,
दगड भिजला की नांगी घासेल,
नांगी घासली की शेपूट जुळेल,
शेपूट जुळलं की आई गाईल,
आई गायली की मी झोपेन."

"चिमे, जुना टाक. नवा घे."

"नव्याला शेपूट नाही. माझ्या डबीला शेपूट लागतं."

"असं, असं. पण मी नाही फिरणार."

"का नाही?"

"वीज गेलीय, बाई. माझ्या हातात काय आहे? वायरमन खांबावर चढला तर फिरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. खर्र खर्र, खर्र खर्र. चिमी खांबाकडे गेली. खांबाखाली वायरमन हणमंतकाका बसले होते. ते खांबाकडे पाहत होते. सकाळपासून पाहत होते.

"काका, काका, खांबावर चढा.
काका चढले की मोटर फिरेल,
मोटर फिरली की दगड भिजेल,
दगड भिजला की नांगी घासेल,
नांगी घासली की शेपूट जुळेल,
शेपूट जुळलं की आई गाईल,
आई गायली की मी झोपेन."

"चिमे, जुना टाक. नवा घे."

"नव्याला शेपूट नाही. माझ्या डबीला शेपूट लागतं."

"असं, असं. पण मी नाही चढणार."

"का नाही?"

"ती शिडी बघितलीस? कुईकुई करते. शिडी हलली नाही तर चढेन."

शिडी खांबाला टेकून उभी होती. तीही जुनी होती.

"शिडीबाई, शिडीबाई, हलू नका.
शिडी थांबली की काका चढतील,
काका चढले की मोटर फिरेल,
मोटर फिरली की दगड भिजेल,
दगड भिजला की नांगी घासेल,
नांगी घासली की शेपूट जुळेल,
शेपूट जुळलं की आई गाईल,
आई गायली की मी झोपेन."

"चिमे, जुना टाक. नवा घे," शिडी म्हणाली. मग ती जरा थांबली. "मलाही टाकणार आहेत म्हणे," ती म्हणाली. कुई, कुई.

"नव्याला शेपूट नाही. माझ्या डबीला शेपूट लागतं."

"असं, असं. पण मी हलणार."

"का हलणार?"

"माझी एक पायरी सैल आहे. सुताराने खिळा ठोकला तर थांबेन."

चिमी दमली. सुताराचं घर लांब होतं. डोळे चुरचुरत होते. वाटेत कचराकुंडी होती.

चिमीने हेडफोन कुंडीपाशी ठेवला.

तुरुतुरु, तुरुतुरु. ती पुढे गेली. मागून खर्र खर्र आलं नाही.

चिमी थांबली. तिने मागे पाहिलं. हेडफोन एकटाच पडला होता.

तुरुतुरु, तुरुतुरु. ती परत आली. तिने शेपूट दातांत धरलं.

खर्र खर्र, खर्र खर्र. दोघं सुताराकडे गेली.

सुतार केरबादादा उंबऱ्यावर बसले होते. मांडीवर बाळ होतं. बाळ रडत होतं. ट्यांहां, ट्यांहां.

"दादा, दादा, खिळा ठोका.
खिळा ठोकला की शिडी थांबेल,
शिडी थांबली की काका चढतील,
काका चढले की मोटर फिरेल,
मोटर फिरली की दगड भिजेल,
दगड भिजला की नांगी घासेल,
नांगी घासली की शेपूट जुळेल,
शेपूट जुळलं की आई गाईल,
आई गायली की मी झोपेन."

"काय म्हणालीस? या रडण्यात ऐकू येत नाही."

चिमीने सगळं पुन्हा सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं.

"चिमे, जुना टाक. नवा घे," केरबादादा म्हणाले.

"नव्याला शेपूट नाही. माझ्या डबीला शेपूट लागतं."

"असं, असं. पण मी नाही ठोकणार."

"का नाही?"

"हिची आई बाजारला गेलीय. ही झोपेना. हिला ठेवली की रडते, घेतली की रडते. बाळ झोपलं तर ठोकीन."

चिमी बाळाकडे वळली.

"बाळा, बाळा, झोप ना गं."

बाळाने 'असं, असं' म्हटलं नाही. कारण सांगितलं नाही. दुसऱ्याकडे पाठवलं नाही. बाळ नुसतं रडलं. ट्यांहां, ट्यांहां. बाळाला आई हवी होती.

चिमीला ते कळलं.

"दादा, हिला खाली निजवा," ती म्हणाली.

दादांनी बाळाला गोधडीवर निजवलं. चिमीने हेडफोनचा चांगला कान बाळाच्या पाठीशी ठेवला. डबीचं बटण दाबलं.

थाप थाप, थाप थाप.

बाळ जरा थांबलं. मग पुन्हा ट्यांहां.

"नुसत्या हाताने होत नाही," चिमी म्हणाली. "गाणं लागतं."

गाणं मुक्या कानात होतं. मग कोण गाणार? चिमी बाळाच्या डोक्याशी बसली. तिने कधी गाणं गायलं नव्हतं. तिचा आवाज चिरका होता. ती गाऊ लागली.

"नीज बाळा, बिळात ऊब,
नीज बाळा, पाला मऊ,
बाहेर जग मोठं खूप,
आत आपण दोघी…"

चिमी थांबली. पुढचं तिला येत नव्हतं. ती रोज इथवर ऐकायची आणि झोपायची.

मग तिने पहिल्यापासून गायलं. थाप थाप, थाप थाप. पुन्हा 'दोघी'. पुन्हा पहिल्यापासून. थाप थाप, थाप थाप.

ट्यांहां. ट्यां. ट्…

बाळ झोपलं.

चिमीने हेडफोन हळूच काढून घेतला. केरबादादांनी हातोडा उचलला. ते पाय न वाजवता निघाले. शेजारच्या आजींना म्हणाले, "जरा बघा हं हिच्याकडे."

मग काय?

बाळ झोपलं, खिळा ठोकला. ठक ठक, ठक ठक.
खिळा ठोकला, शिडी थांबली. कुई नाही, काही नाही.
शिडी थांबली, काका चढले. धप धप, धप धप.
काका चढले, मोटर फिरली. घुर्रर्र, घुर्रर्र.
मोटर फिरली, दगड भिजला. टप टप, टप टप.
दगड भिजला, नांगी घासली. खस खस, खस खस.
नांगी घासली, शेपूट जुळलं. कट कट, पीळ पीळ.

तार एकच तुटली होती. मामांनी दोन्ही तोडल्या आणि दोन्ही जोडल्या. एकदा हात घातला की ते थोडक्यात सोडत नसत.

"घे," मामा म्हणाले. "अगदी नव्यासारखा."

चिमी बिळात आली. हेडफोनमध्ये शिरली. तिने बटण दाबलं.

डोक्याशी थाप थाप. पाठीशी आई गाऊ लागली.

चिमी उठून बसली. तुरुतुरु, तुरुतुरु, ती मोरीपाशी गेली.

"मामा, उलटं झालं. डोक्याचं पाठीशी गेलं. पाठीचं डोक्याशी आलं."

"मी आयुष्यभर तिरका चालतो," खेकडेमामा म्हणाले. "तारा तेवढ्या सरळ जातील होय? तू उलटी झोप."

घूसमावशीने बिळातून डोकं काढलं. "तरी मी सांगत होते, नवा घे."

चिमी वळली. ती घरी आली. तिने पाल्याची उशी उचलली. इकडची तिकडे ठेवली. मग ती उलटी झोपली.

पाठीशी हात आला. थाप थाप, थाप थाप.

डोक्याशी आई आली.

"नीज चिमे, बिळात ऊब,
नीज चिमे, पाला मऊ,
बाहेर जग मोठं खूप,
आत आपण दोघी…"

चिमी झोपली.

गाणं पुढे चालूच होतं. शेवटी काय आहे, ते डबीला ठाऊक. चिमीला आजही ठाऊक नाही.

थाप थाप. थाप थाप.

गोष्ट आत्ता संपली. चिमी त्याच्या आधीच झोपली.