मुंग्या न लागलेला डबा

डोंगरापलीकडच्या एका गावात पोस्टाच्या फळीवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्हींवर पाठवणारी म्हणून एकाच बाईचं नाव. दोन्हींवर ‘तिळाचे लाडू’ असं लिहिलेलं. सकाळी पोस्ट उघडलं तेव्हा एका डब्याला मुंग्यांची रांग लागली होती. दुसऱ्याकडे एक मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

पोस्ट सांभाळणारी शलाका ते बघून जागच्या जागी थांबली.

ही शलाका कॉलेज शिकलेली, कामाला चोख, पण भारी दचकणारी. खिडकीचं दार आपटलं तरी तिच्या हातातलं पाकीट खाली पडे. गाव तिची थट्टा करी. “ताई, शिक्का जरा हळू मारा,” लोक म्हणत, “नाहीतर स्वतःच दचकाल.” ती हसे, आणि शिक्का खरंच हळू मारी.

या गावाची एक रीत होती. संक्रांत जवळ आली की प्रत्येक आई सासरी गेलेल्या लेकीला लाडवांचा डबा धाडी. डबा पांढऱ्या मांजरपाटात शिवायचा, आणि एकदा शेवटचा टाका पडला की लेकीखेरीज कुणी तो उसवायचा नाही. वाटेत उसवला तर लेकीचं सुख वाटेतच सांडतं, असं बायका मानत. त्यामुळे डब्यात काय आहे हे कुणी विचारत नसे. पोस्टातही नाही.

डबे शिवून देण्याचं काम गुळाचे व्यापारी बापूशेठ करत. फुकट. पत्ताही तेच लिहीत आणि डबे पोस्टात तेच पोचवत. टपालाच्या गाडीच्या वेळी पुन्हा येऊन, डबे चढेपर्यंत पोस्टाच्या पायरीवर बसून राहत. गावाला ती माया वाटे. सगळ्या लेकींचा मामा, असं त्यांना नाव पडलं होतं.

पण दोन वर्षांपासून मामांच्या दुकानात गुळाखेरीज आणखी एक माल येत होता. नशेची पांढरी भुकटी. दूरच्या शहरात ती पोचली की कॉलेजातली पोरं तिच्यापायी घरदार विसरत. रस्त्याने न्यायची तर नाक्यावर झडती होते. लेकीच्या डब्याची झडती कोण घेणार? बापूशेठांनी गावाची रीत बरोबर हेरली होती. एका आईचा खरा डबा आला की तिच्याच नावाने ते दुसरा डबा शिवत.

हे बापूशेठांना ठाऊक होतं, आणि आता तुम्हालाही. शलाकाला ठाऊक नव्हतं. तिला फक्त मुंग्या दिसल्या होत्या.

दोन्ही डबे भागीरथीकाकूंच्या नावचे होते. काकू एकट्या राहत, पोस्टासमोरच; लेक सुमन सासरी. शलाका त्यांच्या अंगणात गेली.

“काकू, सुमनला किती डबे धाडलेत?”

“किती म्हणजे? एक. जावयाचे दात हलतात, दोन डबे कोण खाणार?”

“सुमन नाशकालाच आहे ना अजून?”

“मग जाते कुठे? पण तू का विचारतेस?”

शलाकाला डब्यांवरचे पत्ते आठवले. मुंग्या लागलेला डबा नाशिकचा होता. दुसऱ्यावरही सुमनचंच नाव होतं, पण पत्ता समुद्राकाठच्या भलत्याच शहरातला.

ती पोस्टात परत आली आणि खुर्चीत बसली. पहिला विचार आला तो असा की, जाऊ दे की. आपण डबे भरत नाही, शिवत नाही. थैलीत टाकायचा, गाडी येईल, डबा जाईल. बापूशेठांसारख्या माणसाशी वाकडं घेऊन गावात राहायचं कसं?

मग तिची नजर पुन्हा डब्यावर गेली. पाठवणार, भागीरथी. आत लाडू नसून भलतंच काही असलं आणि हा डबा पुढे कुठे पकडला गेला, तर बापूशेठांचं नाव कुठेच निघणार नाही. पोलीस येतील ते अक्षरओळख नसलेल्या या बाईच्या दारात. माझं नाव घालताना मला कुणी विचारलं नाही, असं काकू म्हणतील, आणि ते खरंच असेल.

शलाकाने डबा उचलून आपल्या टेबलावर ठेवला.

दुपारी बापूशेठ आले. पायरीवर नेहमीची चार माणसं होतीच.

“तो डबा बाजूला का, ताई?”

“चौकशी करायची आहे.”

“कसली?”

“त्याला मुंग्या लागल्या नाहीत.”

पायरीवर हशा पिकला. “म्हणजे आता टपाल मुंग्यांना विचारून जाणार,” एकजण म्हणाला.

बापूशेठही हसले. मग अगदी मायेने म्हणाले, “शंका आहे ना? उसवा. सगळ्यांदेखत उसवा. मात्र काकूंच्या लेकीचं उद्या काही बरंवाईट झालं, तर ते तुम्ही निस्तरायचं.”

या गावात तो टाका कुणी कापणार नाही, याची बापूशेठांना खात्री होती.

“मी उसवणार नाही,” शलाका म्हणाली. “तो अधिकार माझा नाहीच. ज्यांचा आहे त्यांना बोलावते.”

तिने तालुक्याच्या पोस्टातल्या मोठ्या साहेबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. सणाची गर्दी, कुणी उचलेना. तिने पुन्हा लावला.

टपालाची गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. “ताई, आटपा. पुढची गावं माझ्या नावाने बोंब मारतील.”

“थैली घ्या. हा डबा राहील.”

बापूशेठांचा चेहरा उतरला. गर्दी बघून भागीरथीकाकू रस्ता ओलांडून आल्या होत्या. शेठ त्यांच्याकडे वळले.

“काकू, हिला सांगा. डबा तुमचाच आहे ना? गेल्या उन्हाळ्यात तुमचं छप्पर कुणी शाकारून दिलं, विसरलात का?”

छप्पर खरंच शेठनी दिलं होतं. पण काकूंनी शलाकाला विचारलं, “पोरी, त्याच्यावर नाव कुणाचं आहे?”

“तुमचं, काकू.”

“आणि आत काय आहे?”

“ठाऊक नाही. म्हणून तर फोन लावतेय.”

काकू आत आल्या आणि डब्याशेजारी स्टुलावर बसल्या. “लाव मग. तोवर मी आहे इथे.” मग शेठकडे बघून म्हणाल्या, “छप्पर तुम्ही दिलंत, मी घेतलं. नाव मी तुम्हाला दिलं नव्हतं.”

बापूशेठांनी टेबलावर जोरात हात आपटला. शलाका दचकली. सगळ्यांनी पाहिलं, ती चांगली हातभर मागे सरली. पण फोन कानापासून हलला नाही.

“आत लाडू निघाले,” शेठ म्हणाले, “तर हे गाव तुला जन्मभर हसेल.”

“हसू द्या,” शलाका म्हणाली. “मला सवय आहे.”

तिने पुन्हा नंबर लावला. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं. पायरीवरची माणसं उठून उभी राहिली, आणि कुणी न सांगता त्यांतले दोघे दार अडवून थांबले. घंटी वाजत होती. शलाकाने फोन दोन्ही हातांनी धरला.

पलीकडे खटकन आवाज झाला.

“हं, बोला,” साहेब म्हणाले.

तात्पर्य: मनाला जे खटकलं ते लाजेपोटी गिळू नये, ज्याने ऐकायला हवं तो ऐकेपर्यंत सांगत राहावं. बोलणाऱ्याची शंका खोटी ठरली तर लोक चार दिवस हसतात, पण गप्प बसणाऱ्यापायी निरपराध माणसाचं घर बुडतं.