वेशीवरचा मोडक्या सोंडेचा हत्ती

नदीकाठच्या एका गावात लग्न ठरले की मांडवाच्या आधी भिंत सजायची. दारालगतच्या भिंतीला चुना द्यायचा आणि तिच्यावर हत्ती काढायचा, अशी तिथली रीत होती. हत्तीशिवाय वधूच्या दारी वऱ्हाड उतरत नसे.

हे हत्ती गेनू चितारी काढायचा. गेनू भिडस्त होता, मान खाली घालून काम करायचा. त्याचा हत्ती मोठा झोकदार असे. पाठीवर सोन्याची अंबारी, गळ्यात घंटा, कपाळावर नक्षी. गेनूने ना अंबारी पाहिली होती, ना जिवंत हत्ती. गुरूने शिकवले तसे तो काढत आला होता. पायांशी मात्र त्याचे अडायचे. मग तो गोठ्यातल्या म्हशीकडे बघून पाय काढायचा.

एकदा एका मठाचा हत्ती गावावरून चालला. सारा गाव रस्त्यावर आला. पोरांनी हत्तीला नीट न्याहाळले आणि एकाने माहुताला सांगितले, "काका, तुमच्या हत्तीचे पाय चुकलेत."

माहुताने विचारले, बरोबर पाय कुठे असतात? पोरांनी त्याला हाताला धरून गेनूच्या भिंतीपुढे नेले. माहूत इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. मग गावही हसले. गेनू तिथेच उभा होता. तो घरी गेला आणि त्याने कुंचले धुऊन आढ्याला खोचून ठेवले.

थोड्याच दिवसांत दौलतराव पाटलांच्या लेकीचे, मैनेचे लग्न ठरले. पाटलांनी गेनूला बोलावले. ते म्हणाले, "गेनू, यंदा भिंतीवर म्हैस नको. जमत नसेल तर सांग, तालुक्याहून चितारी आणतो." तालुक्याचा चितारी एकदा आला की पुन्हा आपल्याला कोणी विचारणार नाही, हे गेनूला कळत होते. त्याने चार दिवसांची सवड मागितली.

तो वेशीपाशी जाऊन बसला. वेशीच्या कमानीखाली एक दगडी हत्ती होता. फार जुना, पोटापर्यंत मातीत रुतलेला. त्याची सोंड अर्ध्यात मोडली होती. गावची पोरे त्याच्या पाठीवरून घसरत, म्हणून पाठ आरशासारखी गुळगुळीत झाली होती. गेनूही लहानपणी तिथेच घसरला होता. पण हा मोडका दगड चित्रात घ्यावा, असे त्याला कधी वाटले नव्हते. चित्रातला हत्ती म्हणजे अंबारीचा, हे डोक्यात बसलेले.

बसल्या बसल्या त्याचे बोट सोंडेच्या खुंट्यावर गेले. तिथे एक खाच होती. लहानपणी याच खाचेत बोट घालून तो पाठीवर चढायचा. ही खाच कोणी पाडली असेल? एवढी वर्षे त्याने विचारलेच नव्हते.

तो राघू कोळ्याकडे गेला. राघू गावात सगळ्यांत म्हातारा. जाळे विणता विणता त्याने सारे सांगितले. तो लहान असताना मोठा पूर आला होता. वाहत आलेला ओंडका हत्तीवर आदळला आणि सोंड मोडली. पलीकडच्या आळीतली माणसे पाण्यात अडकली होती. राघूच्या बापाने दोर आणला, पण बांधायचा कुठे? सोंड धड होती तेव्हा ती छातीला चिकटलेली असे, तिच्यात दोर अडकला नसता. मोडल्यामुळे पुढे खुंटा राहिला होता. त्या खुंट्याला दोर बांधला आणि दोर धरून एकेक माणूस अलीकडे आले. ती खाच त्या दोराची.

"शेवटी कोण आलं?" गेनूने विचारले.

"माहेरी आलेली एक लेक. पोर पाठीला बांधलेलं," राघू म्हणाला. "नाव आता ध्यानात नाही."

गेनूने कुंचले काढले. या वेळी त्याचा हात कुठे अडला नाही. वेस त्याच्या पायाखालची होती, पाणी रोजच्या नदीचे होते. हत्तीचे पाय मातीतच होते, त्यामुळे म्हशीलाही त्रास पडला नाही. अंबारीच्या जागी त्याने पाठीवरून घसरणारी पोरे काढली. खुंट्याला दोर काढला, दोराला माणसे काढली.

वऱ्हाड यायच्या दिवशी सकाळी पाटलांनी भिंत पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. लग्नाच्या भिंतीवर मोडका हत्ती! व्याही काय म्हणतील? अपशकुन मानून वऱ्हाड परत फिरले तर? त्यांनी गेनूला बाजूला घेतले. चित्र चांगले आहे, राहू दे, पण सोंड तेवढी पुरी कर, असे ते म्हणाले. हात फिरवायचा तेवढाच अवकाश होता. रंग कालवलेला होता, कुंचला ओला होता.

गेनूने आजवर पाटलांपुढे मान वर केली नव्हती. तो भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, "पाटील, सोंड जोडली तर दोर कुठे बांधू?"

पाटील काही बोलणार तोच वाजंत्री ऐकू आली. वऱ्हाड दारात आले आणि थबकले. बायका कुजबुजू लागल्या. नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "आमच्याकडे तर धड हत्ती काढतात बाई." मैना दाराआडून बघत होती. आरतीचे तबक तिच्या हातात तसेच होते.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचे आजोबा काठी टेकत भिंतीजवळ गेले. त्यांनी दोरावर बोट ठेवले आणि एकेक माणूस बघत ते शेवटापर्यंत आले. तिथे बोट थांबले.

"ही कोण?" त्यांनी विचारले.

"नाव माहीत नाही, आबा," गेनू म्हणाला. "माहेरी आलेली गावची लेक. पोर पाठीला बांधून आली."

 आजोबा वऱ्हाडाकडे वळून म्हणाले, "आई सांगायची, तुला हत्तीने सोंडेनं ओढून पुरातून काढलं. मी जन्मभर हसत आलो, म्हातारी थापा मारते म्हणून." त्यांनी पुन्हा भिंतीकडे पाहिले. "ही माझी आई. आणि पाठीवर आहे, तो मी."

कुजबुज थांबली. सर्वांत आधी आत्याच पुढे झाली. तबकातले कुंकू घेऊन तिने चित्रातल्या हत्तीला लावले. मग आजोबा हट्टाला पेटले की खऱ्या हत्तीलाही लावायचे. वाजंत्री उलटी फिरली आणि सारे वऱ्हाड वेशीकडे निघाले. आजोबांनी दोराच्या खाचेत बोट घालून पाहिले. लोक नको नको म्हणत असताना ते त्या गुळगुळीत पाठीवर चढले आणि पोरांसारखे खाली घसरले. मुहूर्त टळता टळता राहिला. पाटील इतके हसले की त्यांचा फेटा सुटला.

त्यानंतर गावात कोणी अंबारी मागितली नाही. कोणी दारचा पार काढून घेतला, कोणी आजोळची विहीर, कोणी देवळाची तुळई. प्रत्येक भिंत वेगळी झाली. गेनू आधी घरोघर जाऊन गोष्टी ऐकायचा, मगच चुना द्यायचा.

पुढच्या वर्षी मठाचा हत्ती पुन्हा आला. पोरे धावली. माहुताने हसत विचारले, "काय रे, आता तरी पाय बरोबर आहेत का?"

पोरांनी हत्तीला वरखाली पाहिले. "पाय बरोबर आहेत," एक पोर म्हणाले. "पण सोंड अजून अख्खी आहे. यानं कुणाला वाचवलेलं दिसत नाही."

तात्पर्य: जे आपण पाहिले, हातांनी चाचपले आणि ज्याची गोष्ट आपुलकीने विचारून घेतली, त्याच्याच चित्रात जीव येतो. म्हणून न पाहिलेले वैभव उसने आणण्याआधी आपल्या गावच्या वेशीपाशी थांबावे, आणि तिथले मोडकेसुद्धा मोडके आहे तसेच जपावे.