साळुंकीची भवानी

फार मागं खाडीकाठी रानाचा पहिला बाजार भरला. उन्हं चढेस्तोवर ज्याची भवानी, म्हणजे पहिली विक्री, झाली नाही, त्यानं उठायचं असा रिवाज होता.

साळुंकीची टोपली रिकामीच.

"काय विकतेस बाई, वारा?" मधमाशी हसली. साळुंकी रडवेली झाली.

तेवढ्यात समुद्रापलीकडची बदकं उतरली. काय तो कलकलाट! भांडायलाच आलीत असं वाटून मधमाशी डंख उगारून धावली.

"अगं थांब! मध मागतायत, बदल्यात फुलं देतायत!" साळुंकी ओरडली. तळ्यावर राहून ती बदकांची बोली शिकली होती. दोन्हीकडून भराभर बोलत तिनं सौदा जुळवला, आणि बाजार नाचू लागला!

मधमाशीनं पहिलं फूल तिच्या टोपलीत टाकलं. "घे, झाली तुझी भवानी!"

"पण मी विकलं काय?"

"ते मलाही कळलं नाही बाई. उद्या मात्र माझ्याशेजारीच बस."